पंचावन्न पावलं

मेंढीचं डोकं ताटात घालून बैझाकसमोर ठेवलं गेलं, तेव्हाच अक्तोतीला कळलं की आज सही घेतल्याशिवाय हा माणूस उठत नाही.

डोकं द्यायचं ते सगळ्यांत मानाच्या पाहुण्याला, आणि बैझाक मानाचा होताच. थोरल्या दिराच्या, एर्केबुलानच्या मुलाला त्याची मुलगी दिलेली, म्हणजे पक्का व्याही, त्यांच्या भाषेत कुदा. शिवाय पॅडेलची कोर्टंही तोच आणून देणार होता. दोन वर्षांपूर्वी त्याने याच घराला मधमाश्यांच्या पेट्या आणून दिल्या होत्या, त्याआधी कंबरदुखीवरच्या कोरियन गाद्या. माश्या उडून गेल्या, गाद्या माळ्यावर आहेत आणि घरातल्या सगळ्यांच्या कंबरा अजून दुखतात. पण व्याही तो व्याही. दारापासून सगळ्यांत लांबच्या मानाच्या जागेवर, तिच्या सासऱ्यांच्या, म्हाताऱ्या कोकेंच्या शेजारी, तो पट्टा सैल करून बसला होता. खिडकीबाहेर दुपारच्या उन्हात अल्माटीचे डोंगर पांढरे दिसत होते आणि तो त्यांच्याकडेही स्वतःचा माल असल्यासारखा बघत होता.

अक्तोती दाराजवळ, सामोवारपाशी. एकवीस वर्षं तिची हीच जागा. धाकट्या सांझारची बायको म्हणून चहा ओतायचं काम तिचं, आणि ओतायचा तो अर्धी पियाली. अर्धी म्हणजे बसा, सावकाश घ्या, पुन्हा देते. भरून दिली तर पाहुण्याने समजून आपली टोपी शोधायची असते. अक्तोतीने एकवीस वर्षांत कुणाला भरून दिली नव्हती. मनातल्या मनात मात्र पुष्कळांना दिली होती.

हे पॅडेलचं खूळ आणलं सांझारने. मागच्या वर्षी तो मित्रांबरोबर तुर्कस्तानात अंतल्याला गेला, चार दिवस काचेच्या भिंतींमधलं हे टेनिस खेळला आणि भाजलेली मान आणि आयुष्याचं ध्येय घेऊन परत आला. गावात क्लब निघाले होते खरे, आणि ते सकाळी सहापासून भरलेलेही असत. ज्यांना वेळ मिळत नसे तेसुद्धा कोणत्या क्लबने नाही म्हटलं ते मिरवत. मग सांझारला आठवलं की आपल्याकडे हॉल आहे. कोकेंचा हॉल. भाजीपाल्याचं सरकारी कोठार होतं तेव्हा कोके सतरा वर्षं तिथले डायरेक्टर होते, आणि सरकार बुडालं तेव्हा हॉल कसा कोण जाणे कोकेंच्या नावावर तरंगत वर आला. ते कसं, हे या घरात जेवताना विचारत नाहीत. अलीकडे तिथे गालिच्यांचा व्यापारी भाड्याने होता, त्याला काढलं. घराकडे दुसरी मिळकत नव्हती. हॉल फसला की घर फसलं, एवढा साधा हिशोब होता, आणि तो कुणीच बोलून दाखवत नव्हतं.

सप्टेंबरात त्या रिकाम्या हॉलमध्ये सतरंज्या टाकून मोठं जेवण झालं. जेवणानंतर एक्याऐंशी वर्षांचे कोके काठी टेकत उठले आणि म्हणाले, मोजतो. त्यांचं पाऊल म्हणजे एक मीटर, ही गोष्ट पार ताल्दीकोर्गानपर्यंत प्रसिद्ध. बटाट्याचे चर, रेल्वेचे फलाट, सगळं त्यांनी पावलांनी मोजलेलं. त्यांची मुलगी कुल्पाश कोपर धरून बाजूने चालली आणि मोठ्याने मोजत गेली. लांबी पंचावन्न. रुंदी सदतीस. बैझाकने वहीत मीटर म्हणून लिहून घेतलं आणि तिथल्या तिथे सांगितलं, आडवी लावली की पाच कोर्टं बसतात, वर चहाच्या दुकानाला जागा उरते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोकेंनी दोन्ही हात पसरून पाच कोर्टांना आशीर्वाद दिला, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले, आणि विषय संपला.

त्यानंतर त्या हॉलला कुणी टेप लावली नाही. कोकेंच्या पावलांमागून टेप धरायची म्हणजे त्यांना तोंडावर खोटं ठरवायचं. त्यात आशीर्वाद झालेला. मुलगे शिकलेले होते, एकजण तर सरकारी खुर्चीत होता, पण आपल्या बापाचा पाय मोजायला दोघेही तयार नव्हते.

अक्तोतीने मोजला. तीन आठवड्यांपूर्वी ऑफिसमधून लेझरचं यंत्र मागून आणलं आणि एकटीच गेली. ती सीमाशुल्काची कागदपत्रं करणाऱ्या कचेरीत काम करते, आकडा स्वतः पाहिल्याशिवाय लिहायचा नाही ही तिची सवय. पलीकडच्या भिंतीवर लाल ठिपका पडला आणि यंत्राने दाखवलं छत्तीस. आडवं धरलं तर चोवीस. तिने तीनदा मोजलं. मग गालिचेवाल्याने मागे टाकलेल्या गुंडाळीवर ती बराच वेळ बसून राहिली. एक कोर्ट दहा बाय वीस मीटर. इथे तीन बसतात. पाच बसवायची तर दोन रस्त्यावर जातील.

त्याच संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. सांझारचा चेहरा उतरला. "कोकेंना सांगणार कोण?" एवढं तो म्हणाला, आणि पुढचे तीन आठवडे कोर्टावरचं नकली गवत निळं घ्यावं की हिरवं यात बुडून गेला.

आणि आज सही. कंपनी अक्तोतीच्या नावावर होती, कारण एर्केबुलान सरकारी नोकर आणि सांझार समोर येईल त्या कागदावर सही करणारा. शिक्का तिच्या पर्समध्ये होता. सही केली तर पाच कोर्टं येणार, दोन खोक्यांतच गंजणार, आणि त्यांच्या पैशांपायी हॉल जाणार. नाही केली तर का नाही ते सांगावं लागणार, तेही व्याह्यासमोर, सगळ्या घरासमोर: कोके, तुमची पावलं आता आखूड पडतात.

हे दुसऱ्या कुणाला सांगायचं असतं तर तिची जीभ अडली नसती. पण तिसरी मुलगी झाली तेव्हा सासूबाई, देव त्यांना शांती देवो, आठ दिवस फिरकल्या नव्हत्या. कोके पहिल्याच सकाळी इस्पितळाच्या अंगणात आले होते. चौथ्या मजल्यावरून तिला दिसेल असं त्यांनी बर्फात पाय ओढत ओढत नातीचं नाव लिहिलं होतं. सामाल. एकेक अक्षर खोलीएवढं. मग टोपी काढून वर बघत उभे राहिले. ती पावलं अक्तोती विसरली नव्हती.

"कराराआधी दोन गोष्टी विचारते," ती सामोवारजवळून म्हणाली. "सांगाडा कशाचा? नुसता रंगवलेला की जस्त चढवलेला?"

बैझाकने मेंढीच्या डोक्यावरून सुरी काढली नाही. उत्तम प्रतीचा, तो म्हणाला.

"काच किती मिलिमीटर?"

जाड, बैझाक म्हणाला.

तिने विचारलं, वाटेत फुटेल म्हणून जादा काचा किती देतात. बैझाक म्हणाला, आमच्या काचा फुटत नाहीत. मग त्याने आवाज जरा मऊ करून सांगितलं की चीनलगतच्या खोर्गोसच्या सीमेवर माल 'हरितगृहाचे भाग' म्हणून दाखवला तर शुल्कही वाचेल, काच आणि लोखंडच तर आहे, कोण बघतंय.

"आणि जाळी?" अक्तोतीने विचारलं. "टोमॅटो एकमेकांना सर्व्हिस करतात असं लिहू का, कुदा?"

सांझारला हसू आलं ते त्याने काझीच्या, घोड्याच्या मांसाच्या सॉसेजच्या, तुकड्याबरोबर गिळलं. बैझाकही हसला, पण त्याची सुरी थांबली. त्याने मेंढीचा डावा कान कापला. कान लहान पोरांना देतात, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. बैझाकने तो सुरीच्या टोकावर धरून टेबलभर पुढे केला, पोरांच्या डोक्यांवरून, थेट चव्वेचाळीस वर्षांच्या अक्तोतीच्या ताटात.

"घे, सूनबाई. जरा ऐकायला शीक."

पोरं खिदळली. कुल्पाशही हसली.

कुल्पाशला हसताना वाईट वाटलं नाही असं नाही. उन्हाळ्यात बागेतल्या घरावरून भांडण झालं तेव्हा अक्तोतीच तिच्या बाजूने उभी राहिली होती आणि दोघींनी मिळून एर्केबुलानला रडकुंडीला आणलं होतं. पण ते उन्हाळ्यातलं. आता एर्केबुलानने तिला हॉलमधली सतरा मीटरची पट्टी कबूल केली होती, चहाच्या दुकानासाठी. नवरा सोडल्यापासून ती भावांच्या घरांत पाहुणीसारखी राहत होती. हे दुकान तिचं स्वतःचं असणार होतं, आणि पडदे तिने शिवायलाही टाकले होते. वहिनी आज जरा अतीच करते आहे, असं तिने स्वतःला सांगितलं.

एर्केबुलानला कानाचं काही सुखदुःख नव्हतं. तो शहराच्या क्रीडा खात्यात होता आणि त्याने साहेबांना पाच कोर्टं सांगून टाकली होती. साहेबांनी वसंतातल्या स्पर्धेच्या भाषणात पाच हा आकडा घातलाही होता. त्या इमारतीचे जुने कागद आपल्याच कपाटात कुठेतरी आहेत आणि त्यांत लांबीरुंदी लिहिलेली असणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तर त्याने चार महिने ते कपाट उघडलं नव्हतं. असं कपाट बंद ठेवायला बावीस वर्षांची नोकरी लागते.

बैझाकने हात पुसले आणि कागद काढले. सांगितलं की कारखाना चिनी नववर्षासाठी बंद होतोय, आज सही गेली तर उद्या काच कापायला घेतील. अक्तोतीला ठाऊक होतं पुढचं. काच कापली की भट्टीत घालून कडक करतात, आणि कडक झालेली काच पुन्हा कापता येत नाही. कापायला गेलं की तिचा साबुदाणा होतो. उद्यानंतर पाच म्हणजे पाचच.

कागद हातोहात टेबलावरून खाली आले. एर्केबुलानने कुल्पाशकडे दिले, कुल्पाशने सांझारकडे. सांझारने बायकोकडे न बघता तिच्यासमोर ठेवले आणि वर पेन ठेवलं. पहिल्याच पानावर जागेचं माप लिहायला रिकामी ओळ होती.

अक्तोतीने सामोवारचा नळ बंद केला.

"कोके," ती म्हणाली, "इथे हॉलचं माप माझ्या हाताने लिहायचंय. तुम्ही कोठार ताब्यात घेतलंत तेव्हा मॉस्कोचा इंजिनियर आला होता ना? ते सांगा ना."

एर्केबुलान म्हणाला, आता ती गोष्ट कशाला. कुल्पाशने छताकडे पाहिलं. ती गोष्ट घरातल्या प्रत्येकाने दोनशे वेळा तरी ऐकली होती. लग्नांत ऐकली होती, मयतांत ऐकली होती, सांझार तर कोकेंची नक्कल करून मित्रांत टाळ्या घ्यायचा. पण म्हाताऱ्याचा चेहरा उजळला होता. या घरात त्यांना कुणी काही विचारून बरेच दिवस झाले होते.

"चौऱ्याहत्तर साल," कोके म्हणाले. "इंजिनियर हा एवढा उंच, हातात पोलादी टेप. मी म्हटलं, ठेव ती खिशात. आणि चाललो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. छत्तीस. त्याला पटेना, त्याने टेप लावली. छत्तीस. मग आडवा चाललो. चोवीस. त्याने टेप लावली."

"चोवीस," सांझारच्या तोंडून सवयीने निघालं.

कुल्पाशची नजर छतावरून खाली आली.

आकडा पन्नास वर्षं याच टेबलावर पडून होता. प्रत्येक सणाला त्यांनी तो ऐकला होता, जांभया दिल्या होत्या आणि मीठ पुढे सरकवलं होतं. कुल्पाशला आपलाच आवाज आठवला, चोपन्न, पंचावन्न, आणि तिने हळूच पडद्यांचा विचार सोडून दिला. समोर करारावर बैझाकच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: पाच नग.

पहिला भानावर आला बैझाक. "तेव्हाचे मीटर मोठे असायचे, कोके," तो म्हणाला. "सोव्हिएत मीटर."

"मला आधीपासूनच शंका होती," एर्केबुलान म्हणाला.

कोके कुणाकडेच बघत नव्हते. ते खाली, टेबलाच्या कडेपलीकडे, लोकरी नमद्याच्या मोज्यांतल्या आपल्या पायांकडे बघत होते. सप्टेंबरात चाळिसाव्या पावलावर त्यांना दम लागला होता. भिंत अजून का येत नाही असं एकदा मनात आलंही होतं. मग वाटलं, बटाट्याची पोती नाहीत म्हणून हॉल मोठा भासत असेल. मग टाळ्या वाजल्या. टाळ्या ऐकून बरं वाटलं होतं, ही गोष्ट त्यांना आता फार लागली. सगळ्या आयुष्यात त्यांनी एकच गोष्ट स्वतःची म्हणून मिरवली होती, आणि ती कधी गेली ते त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

"सोव्हिएत मीटरसुद्धा शंभर सेंटिमीटरचाच होता, कुदा," ते म्हणाले. "हॉल आहे तेवढाच आहे. माझे पाय आखडले."

काट्यावरचं वजन वाचावं तसं त्यांनी ते सांगितलं. कुल्पाश घाईने काहीतरी समजुतीचं बोलू लागली, त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

बैझाक इतक्या सहज हार मानणारा नव्हता. त्याने कोकेंच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि समजावणीच्या सुरात म्हणाला की माप काय, इकडे तिकडे होतं, पण आशीर्वाद पाचांना दिलेला आहे, तो मागे घेतला तर घराला बाधतो. दोन कोर्टं बाहेर अंगणात मांडता येतील. हिवाळ्यात वर छप्पर घालू, छप्पर देणारा माझ्या ओळखीचा आहे.

"आशीर्वाद मी खेळाला दिलाय, तुमच्या यादीला नाही," कोके म्हणाले. "तीन बसतात ना, सूनबाई?"

"तीन बसतात, कोके. दोन्ही बाजूंना चालायला जागा राहते."

"मग तीन. काय जाडीची काच, कसला सांगाडा, ते तूच ठरव. सीमेवरून तूच आण. खरं नाव लिहून आण." त्यांनी करार उचलला, दुमडला आणि बैझाकच्या कोटाच्या खिशात नीट खोचला. "आणि यांना चहा दे. भरून."

टेबलावरचे चमचे थांबले. अक्तोतीने पियाली उचलली. दूध घातलं, मग गडद चहा, मग सामोवारचा नळ सोडला. नेहमीच्या जागी तिचा हात आपोआप थांबला. मग तिने नळ तसाच राहू दिला. पियाली काठोकाठ भरली. थेंब न सांडता ती टेबलाला वळसा घालून मानाच्या जागेपर्यंत गेली आणि दोन्ही हातांनी, अदबीने, ती बैझाकला दिली.

बैझाकने ती घेतली, कारण न घेऊन करतो काय. उभ्या उभ्या दोन घोट प्यायला, जीभ भाजून घेतली आणि टोपी शोधू लागला. जाता जाता म्हणाला, बिश्केकला एक पार्टी आहे, ते सात कोर्टं मागतायत, मी काही तुमच्यावर अवलंबून नाही. तरीही कुल्पाशने रीतीप्रमाणे उरलेलं मांस आणि तळलेल्या कणकेचे बौरसाक त्याला डब्यात बांधून दिले, आणि त्याने डबा हलवून आत काझी आहे का ते बघून घेतलं. व्याह्याला घालवता येतं, सोडता येत नाही. पुढच्या महिन्यात दोन्ही घरांच्या नातवाचं बारसंच होतं.

दार लागलं आणि घर भराभर कूस बदलू लागलं. एर्केबुलान खिडकीशी जाऊन फोनवर साहेबांना सांगत होता की संख्येपेक्षा दर्जाला महत्त्व द्यायचं असा निर्णय त्याने घेतला आहे. सांझार म्हणाला, तीनच असतील तर गवत निळंच शोभेल. कुल्पाश आपली पियाली घेऊन अक्तोतीशेजारी येऊन बसली. उन्हाळ्यापासून ती जागा रिकामी होती. दाराशेजारी चार मीटरची पट्टी उरते ना, तिने हळू आवाजात विचारलं, तिथे एक लहानसं टेबल मावेल की नाही. पडदे कापून आखूड करता येतील. अक्तोती म्हणाली, बघू. मग तिच्याकडे पाहून म्हणाली, मावेल.

कोके अजून मानाच्या जागेवरच होते. बाजूची गादी रिकामी झाल्यावर ते एकदम लहान दिसत होते. त्यांनी बोटाने अक्तोतीला जवळ बोलावलं. ती आपलं ताट हातात घेऊनच गेली, सवयीने, जाता जाता आवरत.

"कधी मोजलंस?"

"तीन आठवडे झाले."

"आणि गप्प राहिलीस."

"कसं सांगणार होते, कोके."

तिच्या ताटात बैझाकने दिलेला कान तसाच पडला होता, गार होऊन चरबी पांढरी झालेली. कोकेंनी हात लांब करून तो उचलला.

"हा चुकून तुझ्याकडे आला," ते म्हणाले. "माझा होता."

त्यांनी कान तोंडात टाकला. कवळी नवी होती आणि कान चिवट, त्यामुळे चावायला फार वेळ लागत होता. घरातला वडील माणूस जेवतोय तोवर टेबलावरून कुणी उठत नाही, म्हणून एर्केबुलान फोन ठेवून परत जागेवर येऊन बसला, पोरंही बसली, आणि म्हाताऱ्याचा घास संपेपर्यंत सगळे मुकाट थांबून राहिले.